कवट्या मोजून काय कळले?

‘जगातील मानवाचे प्रमुख वंश किती व कोणते?’ हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी विद्यार्थी असताना सोडवला असेल. कॉकेसॉइड, मंगोलॉइड, निग्रॉइड अशी नावे, काही पुस्तकांत ऑस्ट्रेलॉइड हा चौथा आणि प्रत्येकापुढे कातडीचा रंग, केसांचा प्रकार, नाकाची रुंदी, डोक्याचा आकार असा तक्ता. तक्ता पाठ केला की पाच गुण मिळत. तो कोणी केला, कशावरून केला, आणि मोजमापे घेणाऱ्यांना खरोखरच असे तीन-चार गट सापडले होते का, हे मात्र कोणी विचारले नाही.

विचारायला हवे होते, कारण हा तक्ता पुस्तकात बसून राहिलेला नाही. त्याच्या आधाराने माणसांना देशात घेतले गेले किंवा बंदरावरून परत पाठवले गेले, जमिनी काढून घेतल्या गेल्या, नागरिकत्व दिले आणि रद्द केले गेले. त्यात आपल्याकडची माणसेही होती. म्हणून या लेखात आपण मोजपट्टीचा माग काढत जाऊ. कोणी काय मोजले, काय निघाले, आणि निघाले त्याचे पुढे काय झाले?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मराठीत ‘वंश’ हा शब्द मूळचा घराण्याचा, कुळाचा. वंशवृक्ष, वंशाचा दिवा म्हणताना आपल्या मनात आजोबा-पणजोबा असतात. गोरे-काळे असे माणसांचे मोठे गट सांगायला हाच शब्द वापरल्यामुळे ते गटही एकेका पूर्वजापासून निघालेली मोठी घराणीच असावीत, असा समज आपोआप होतो. हा समज बाजूला ठेवून पुढे वाचावे.

चार प्रकार, मग पाच

वनस्पती आणि प्राण्यांना द्विनाम पद्धतीने नावे देणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस आपल्या परिचयाचा आहे. १७३५ साली त्याने माणसालाही प्राण्यांच्या यादीत बसवले. त्या काळात हे धाडसच होते. पण त्याबरोबर त्याने माणसाचे खंडांनुसार चार प्रकारही पाडले: युरोपीय, अमेरिकी, आशियाई व आफ्रिकी. १७५८ च्या आवृत्तीत प्रत्येकाचा स्वभावही लिहिला. युरोपीय माणूस कायद्याने चालतो, अमेरिकेचा मूळ रहिवासी रूढीने, आशियाई माणूस मतांनी आणि आफ्रिकी माणूस लहरीने! फुलातले पुंकेसर मोजून वर्गीकरण करणाऱ्या माणसाने येथे काहीही मोजलेले नव्हते.

‘कॉकेशियन’ हा शब्द ब्लूमेनबाख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९५ साली रूढ केला. त्याच्या संग्रहात कॉकेशस पर्वताजवळच्या जॉर्जियातील एका स्त्रीची कवटी होती व ती त्याला सर्वांत सुंदर वाटे. एवढ्यावरून युरोपातील लोकांना ते नाव मिळाले. त्याने प्रकार पाच केले. पण हा माणूस प्रामाणिक होता. हे प्रकार एकमेकांत इतके हळूहळू मिसळत जातात की मध्ये रेघ मारता येत नाही, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढच्या लोकांनी पाच नावे उचलली आणि हे वाक्य सोडून दिले.

रुंदी भागिले लांबी

मोजमाप खऱ्या अर्थाने सुरू झाले ते एकोणिसाव्या शतकात. १८४० च्या दशकात अँडर्स रेट्झियस या स्वीडिश शरीरशास्त्रज्ञाने एक सोपी रीत काढली. डोक्याची जास्तीत जास्त रुंदी घ्यायची, तिला जास्तीत जास्त लांबीने (भुवयांच्या मधल्या भागापासून मागच्या टोकापर्यंत) भागायचे आणि शंभराने गुणायचे. उत्तर आले तो शीर्ष निर्देशांक. पुढे रूढ झालेल्या सीमांप्रमाणे तो ७५ पेक्षा कमी असला तर डोके लांबट, ७५ ते ८० मध्यम आणि ८० किंवा जास्त असला तर रुंद.

एक उदाहरण करून पाहू. लांबी १९० मिलिमीटर, रुंदी १५० मिलिमीटर. निर्देशांक ७८.९, म्हणजे मध्यम. आता रुंदी १५२ धरा. निर्देशांक ८०.०, म्हणजे रुंद! दोन मिलिमीटरमध्ये माणसाचा गट बदलला. दाट केसांवरून कॅलिपर किती दाबून धरला, यानेसुद्धा एवढा फरक पडू शकतो.

तरीही हा आकडा मानवशास्त्रज्ञांना इतका प्रिय का झाला? कारण असे मानले जाई की कातडी उन्हाने रापते, उंची खाण्यापिण्याने वाढते, पण कवटीचा आकार पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही. लांब डोक्याच्या पूर्वजांची मुले लांब डोक्याचीच. म्हणून तो वंशाचा अस्सल शिक्का. हे गृहीतक कोणी तपासलेले नव्हते. वंशाची सगळी मोजणी मात्र त्याच्यावर उभी होती.

आपल्याकडे डोक्याबरोबर नाकही आले. हर्बर्ट रिस्ले हा आय.सी.एस. अधिकारी १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख होता. त्याआधी बंगालमध्ये त्याने जातींची मोजमापे घेतली होती. नाकाची रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर, हा नासिका निर्देशांक. ७० च्या आत सरळ बारीक नाक, ८५ च्या वर बसके. रिस्लेने जाहीर केले की जातीचा सामाजिक दर्जा आणि नाकाची रुंदी यांचे प्रमाण व्यस्त असते, म्हणजे नाक जितके रुंद तितकी जात खालची. जात म्हणजे मुळात वंशच, हे त्याचे म्हणणे. या दाव्याचे पुढे काय झाले ते आपण थोड्या वेळाने पाहू. आधी न्यूयॉर्कला जाऊ, कारण न बदलणाऱ्या कवटीचे गृहीतक तेथे प्रथम तपासले गेले.

न्यूयॉर्कची मुले

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून माणसांचे लोंढे अमेरिकेत येत होते. १९०७ या एकाच वर्षी सुमारे १३ लाख लोक आले. पूर्वी येणारे बहुतेक इंग्लंड, आयर्लंड, जर्मनीचे असत. आता दक्षिण इटलीचे शेतमजूर, रशिया-पोलंडमधले गरीब ज्यू येऊ लागले. आधी आलेल्यांच्या वंशजांना हे लोक निराळ्या, हलक्या वंशाचे वाटत. (आज आपल्याला इटालियन माणूस ‘गोरा’च दिसतो. तेव्हा तो पुरेसा गोरा मानला जात नव्हता!) हे लोक आपल्या देशात कधी मिसळून जातील का, की त्यांच्यामुळे सबंध राष्ट्राची जातकुळी बिघडेल, हे ठरवायला अमेरिकी संसदेने १९०७ मध्ये एक आयोग नेमला.

या आयोगासाठी मोजमापांचे काम फ्रान्झ बोआस यांनी घेतले. बोआस कोलंबिया विद्यापीठात मानवशास्त्र शिकवत. ते स्वतः जर्मनीतून आलेले ज्यू स्थलांतरित. १९०८ ते १९१० या काळात त्यांनी व त्यांच्या मदतनिसांनी न्यूयॉर्कमधील सुमारे १८ हजार स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची मापे घेतली. युक्ती साधी होती. आईवडील तेच, पण काही मुले युरोपात जन्मून बोटीने आलेली आणि काही अमेरिकेत जन्मलेली. कवटीचा आकार वंशाने पक्का ठरत असेल तर दोन्ही मुलांच्या निर्देशांकांत फरक दिसता कामा नये.

फरक दिसला. पूर्व युरोपातील ज्यूंची डोकी रुंद असत. अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्या मुलांची डोकी थोडी लांबट निघाली. सिसिली बेटावरच्या इटालियनांची डोकी लांबट असत, त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची थोडी रुंद निघाली. बदल दोन-तीन एककांचा, पण आईवडील अमेरिकेत येऊन जितकी वर्षे झाली असतील तितका तो जास्त. म्हणजे अनुवंश तोच राहून नुसत्या परिस्थितीने कवटी बदलली होती.

का बदलली असेल? बाळाला पाळण्यात कसे निजवतात, घट्ट गुंडाळतात का, खाणे काय, अशी अनेक कारणे सुचवली गेली. आपल्याला यात नवल वाटू नये. बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून त्याला मोहरीच्या उशीवर निजवणारी आजी आपल्याकडे आजही भेटते. शीर्ष निर्देशांक उशीने बदलतो हे तिला शास्त्रज्ञांच्या आधीपासून माहीत होते म्हणायचे.

बोआस यांची आणखी एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावी. १९२८ साली त्यांनी एकेका माणसाची सगळी मूळ मापे पुस्तकरूपाने छापून टाकली, ज्याला शंका असेल त्याने तपासावीत म्हणून. आणि खरोखरच तपासली गेली! २००२ साली दोन संशोधकांनी तेच आकडे संगणकावर घेऊन म्हटले की बदल अगदी किरकोळ आहे, मूळ गटांमधला फरक त्याहून मोठा आहे. २००३ मध्ये दुसऱ्या तिघांनी तेच आकडे पुन्हा तपासून सांगितले की बोआस यांचा मुख्य निष्कर्ष टिकतो, परिस्थितीने डोक्याच्या आकारात बदल होतो. नव्वद वर्षांनंतर वाद घालता आला, कारण आकडे उघड होते.

आणि आयोगाने काय केले? बोआस यांचा अहवाल ४१ खंडांच्या ढिगात छापला आणि शिफारस केली ती प्रवेशावर निर्बंध घालण्याची. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाचा मोठा पट्टा सरसकट बंद झाला. १९२१ मध्ये देशवार वाटा ठरला. १९२४ मध्ये तो आणखी कमी करताना हिशेबाला १८९० ची जुनी जनगणना मुद्दाम घेतली, कारण त्या वर्षापर्यंत इटालियन व ज्यू फारसे आलेले नव्हते. इटलीचा वाटा वर्षाला सुमारे ४२ हजारांवरून एकदम ३,८४५ वर आला. मोजमाप एका बाजूला राहिले आणि कायदा दुसऱ्या बाजूला गेला.

न्यायालयातला ‘सामान्य माणूस’

कायद्याला विज्ञानाची गरज किती होती, याचा नमुना पुढच्याच वर्षांत मिळाला.

अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्या फक्त ‘मुक्त गोऱ्या माणसाला’ नागरिक होता येई. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मधल्या सगळ्यांचे काय? ताकाओ ओझावा हे जपानी गृहस्थ वीस वर्षे अमेरिकेत राहिलेले, घरी इंग्रजी बोलणारे. आपली कातडी पुष्कळ गोऱ्या लोकांपेक्षा गोरी आहे, असे त्यांचे म्हणणे. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कातडीचा रंग येथे कामाचा नाही. कायद्यातला गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी कॉकेशियन नाहीत.

त्याच वेळी भगतसिंग थिंद यांचा खटला वर आला होता. हे पंजाबचे शीख. १९१३ मध्ये अमेरिकेत आले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झाले. त्यांची बाजू तर आता सोपी झाली. मानवशास्त्राच्या तत्कालीन पुस्तकांप्रमाणे उत्तर भारतीय हे कॉकेशियन. न्यायालयानेच नुकतेच सांगितले की कॉकेशियन म्हणजे गोरा. म्हणून थिंद गोरे!

फेब्रुवारी १९२३ मध्ये, अवघ्या तीन महिन्यांनी, त्याच न्यायालयाने, त्याच न्यायमूर्ती सदरलंड यांच्या लेखणीतून उलट निकाल दिला. कॉकेशियन हा शास्त्रज्ञांचा शब्द आहे, त्यांचे आपसातही जमत नाही. कायदा सामान्य माणसाच्या भाषेत आहे आणि सामान्य माणूस हिंदी माणसाला गोरा समजत नाही, असा त्याचा सारांश. (न्यायमूर्ती सदरलंड स्वतः इंग्लंडात जन्मलेले स्थलांतरित होते.) नोव्हेंबरात रंग चालत नाही म्हणून शास्त्र पुढे केले, फेब्रुवारीत शास्त्र अडचणीचे झाले तेव्हा ते बाजूला ठेवून लोकांच्या समजुतीला पुढे केले.

याचे परिणाम कागदी नव्हते. आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांचे ते काढून घेण्याचे खटले सुरू झाले. कॅलिफोर्नियात नागरिक होण्यास अपात्र माणसाला शेतजमीन धारण करता येत नसे, त्यामुळे पंजाबी शेतकऱ्यांच्या जमिनी धोक्यात आल्या. सॅन फ्रान्सिस्कोचे एक व्यापारी, वैष्णोदास बगाई, यांनी नागरिकत्व गेल्यावर १९२८ मध्ये आत्महत्या केली. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित होते. नाव वाचून आपण थबकतो, पण त्यांचा जन्म अहमदाबादचा. पंडितांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा खटला सरकारने भरला. त्यांनी वंशाचा वाद घातलाच नाही. सरकारने १९१४ मध्ये एकदा विचार करून दिलेले नागरिकत्व, ज्याच्या भरवशावर माणसाने आपले सगळे आयुष्य उभे केले, ते आता परत घेता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले आणि त्यानंतर सरकारने बाकीचे खटले सोडून दिले.

या खटल्यात एक बोचणारी जागा आहे, ती झाकून चालणार नाही. थिंद यांच्या बाजूने गोरेपण सिद्ध करताना असे मांडले गेले की उच्चवर्णीय हिंदू माणूस आपल्याकडच्या मूळ रहिवाशांशी लग्नसंबंध करत नाही, जसा अमेरिकी गोरा काळ्यांशी करत नाही. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखाच भेद पाळतो, म्हणून आम्हाला तुमच्यात घ्या! भेदभावाची शिडी काढून टाकण्याऐवजी तिच्यावर एक पायरी वर जागा मागणे, हे जगभरच्या नवागतांनी पुष्कळदा केले आहे. अमेरिकेतल्या आयरिश लोकांनी केले, इटालियनांनी केले. आपल्याकडून गेलेल्यांनी जाताना जातीची पायरी सामानात बरोबर नेली होती.

बर्लिनमधल्या १४९ कवट्या

१९२८ साली पुण्याची एक तरुणी पीएच.डी. करायला बर्लिनला गेली. इरावती कर्वे. मुंबई विद्यापीठात त्या डॉ. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी होत्या. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. वंशांची मिसळण हानिकारक असते, हे फिशर यांचे जुने मत. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजू अगदी सारख्या नसतात. ही असमानता गोऱ्या युरोपीयांत जास्त असावी आणि त्यांच्या बुद्धीशी तिचा संबंध असावा, अशी त्यांची अपेक्षा होती. संस्थेकडे निरनिराळ्या खंडांतून, काही जर्मन वसाहतींतून आणलेल्या कवट्या होत्या. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या.

निष्कर्ष असा आला की असमानता सर्वच गटांच्या कवट्यांत आहे आणि तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. प्रबंध १९३० मध्ये पुरा झाला. परदेशात, परक्या भाषेत, ज्यांच्या सहीवर पदवी अवलंबून त्या प्राध्यापकाच्या अपेक्षेविरुद्ध आकडे गेले तेव्हा एका विद्यार्थिनीने आकडे लिहिले. प्रयोगवहीत ‘यायला हवे ते’ उत्तर लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

फिशर यांची संस्था पुढे नाझी राजवटीची वंशतज्ज्ञ बनली. कोण ज्यू, कोण नाही याची प्रमाणपत्रे तिचे शास्त्रज्ञ देत. १९३७ मध्ये जर्मन आई व आफ्रिकी सैनिक यांच्या शेकडो मुलांची सक्तीने नसबंदी झाली, त्यात मुलांना ‘तपासून’ मत देण्याचे काम फिशर यांनी केले. त्यांच्यावर कधी खटला झाला नाही.

इरावतीबाईंनी मोजमाप सोडले नाही, महाराष्ट्रात त्यांनी पुष्कळ गटांची मापे घेतली. १९६८ मध्ये त्यांनी व डॉ. कैलाश मल्होत्रा यांनी सारख्या दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना प्रसिद्ध केली. सगळ्यांचे नाव ब्राह्मण, पण शरीरमापांत आणि रक्तगटांत एकसारखेपणा नाही.

आता रिस्लेच्या नाकाकडे वळू. डॉ. घुर्ये यांनी १९३२ च्या पुस्तकात रिस्लेचेच आकडे प्रांतवार मांडून दाखवले की नाक आणि जातीचा दर्जा यांचा जो मेळ त्याने सांगितला तो उत्तर प्रदेशाच्या भागात थोडाफार दिसतो, इतर प्रांतांत दिसत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना याच प्रकारच्या तक्त्यांचा आधार घेतला आणि विचारले की नाकाच्या मापाने ब्राह्मण व अस्पृश्य यांचा वंश निराळा ठरत नसेल तर अस्पृश्यता वंशभेदातून आली असे कसे म्हणता? जातीचा उगम रंगात शोधणाऱ्या युरोपीय अभ्यासकांवर त्यांनी टीका केली होती ती १९१६ सालीच, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात. ज्या गोल्डनवायझर यांच्या वर्गात तो वाचला, ते बोआस यांचे शिष्य.

बारा कोसांवर

कवट्या गेल्या, रक्तगट आणि जनुके आली. १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी जगभरच्या लोकांतील रक्तगट व रक्तातील प्रथिनांची माहिती एकत्र करून विचारले की माणसामाणसांत जो काही आनुवंशिक फरक आहे, त्यातला किती एकाच समाजाच्या आत आहे आणि किती तथाकथित वंशांच्या मध्ये? उत्तर असे आले. सुमारे ८५ टक्के फरक एकाच समाजातल्या माणसांमध्ये, ८ टक्के एकाच वंशातल्या निरनिराळ्या समाजांमध्ये आणि जेमतेम ६ टक्के वंशावंशांमध्ये. पुढे २००२ मध्ये ५२ लोकसमूहांच्या डी.एन.ए.च्या अभ्यासातही समाजाच्या आतला वाटा ९० टक्क्यांच्या वरच निघाला.

मग अनेक जनुके एकदम पाहिली तर माणसाचे पूर्वज कोणत्या खंडातले हे सांगता येत नाही का? येते, बऱ्यापैकी येते. यात विरोध नाही. आपल्याकडे म्हणतात की दर बारा कोसांवर भाषा बदलते. बोलणे ऐकून माणूस मालवणचा की चंद्रपूरचा हे आपण ओळखतो. पण मालवणपासून चंद्रपूरपर्यंत चालत जाताना बोली नेमकी कोणत्या दगडापाशी बदलली, हे कोणी दाखवू शकत नाही. जनुकांचेही असेच आहे, फरक आहेत, कुंपणे नाहीत. भारतापुरते बोलायचे तर येथील जवळजवळ सर्व समाज जुन्या मिश्रणातून झालेले आहेत. जनुकांच्या अभ्यासावरून हे मिश्रण साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात मोठ्या प्रमाणात होत होते. जातीबाहेर लग्न नाही हा निर्बंध घट्ट झाला तो त्यानंतर.

आणि कातडीचा रंग? तो डोळ्यांना पहिल्यांदा दिसतो म्हणून नात्याची खूण वाटतो. पण तो मुख्यतः उन्हाचा हिशेब आहे. तीव्र अतिनील किरणांनी शरीरातले फोलेट नष्ट होते, म्हणून विषुववृत्ताजवळ गडद कातडी उपयोगी. ऊन कमी असलेल्या उत्तरेत ड जीवनसत्त्व बनायला फिकट कातडी उपयोगी. त्यामुळे दक्षिण भारत, मध्य आफ्रिका आणि न्यू गिनी येथील लोक रंगाने सारखे दिसतात, नात्याने मात्र एकमेकांपासून खूप दूर आहेत. सिकलसेलचेही तसेच. अमेरिकेत हा ‘काळ्यांचा आजार’ म्हणून शिकवला जाई. तो आपल्या नंदुरबार-गडचिरोलीत आहे आणि ग्रीसमध्येही आहे. जेथे मलेरिया होता तेथे तो जनुक टिकला.

मूत्रपिंडाचे सूत्र

वंश हा जीवशास्त्रीय गट म्हणून टिकत नसला तरी वंशभेद टिकतो, आणि कधी कधी तो अगदी निरुपद्रवी दिसणाऱ्या गणितात बसलेला असतो. मूत्रपिंड किती काम करते हे रक्तातील क्रिएटिनिनवरून एका सूत्राने काढतात. अमेरिकेत २००९ पासून प्रचलित असलेल्या सूत्रात रुग्ण काळा असेल तर उत्तराला १.१५९ ने गुणत. कारण दिले जाई की काही पाहण्यांत काळ्या लोकांचे क्रिएटिनिन सरासरीने जास्त आढळले.

आता मूत्रपिंड-रोपणाच्या यादीत प्रतीक्षेचा काळ मोजायला सुरुवात होते ती हा आकडा २० किंवा त्याखाली आला की. गोऱ्या रुग्णाचा आकडा १८ आला, तो यादीत गेला. तेच क्रिएटिनिन, तेच वय असलेल्या काळ्या रुग्णाचा आकडा १८ गुणिले १.१५९, म्हणजे २०.९. तो थांबला. सूत्र लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष असण्याची गरजच नव्हती. रुग्ण काळा आहे हे ठरवायचे कसे, तर अर्जावरच्या चौकोनातली खूण पाहून. २०२१ मध्ये वंशाविना नवे सूत्र आले आणि २०२३ च्या सुरुवातीला तेथील रुग्णालयांना काळ्या रुग्णांचा वाया गेलेला प्रतीक्षाकाळ भरून देण्याचा आदेश निघाला.

त्या चौकोनाचीही गंमत आहे. अमेरिकी जनगणनेत १९२० ते १९४० पर्यंत भारतातून आलेल्या माणसाचा वंश ‘हिंदू’ लिहीत, मग तो शीख असो वा मुसलमान. १९७० मध्ये त्याची गणती गोऱ्यांत झाली. १९८० मध्ये तो ‘एशियन इंडियन’ झाला.

वर्गात करून पाहण्यासारखे

सातवीच्या पुढच्या कोणत्याही वर्गात हे जमेल. प्रत्येकाने कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. मुलांना मापाच्या क्रमाने ओळीत उभे करावे आणि एका विद्यार्थ्याला ‘लांब हाताचे’ व ‘आखूड हाताचे’ यांच्यामध्ये खडूने रेघ मारायला सांगावे. दुसऱ्याला रेघ न दाखवता तेच काम द्यावे. रेघा बहुधा निराळ्या पडतात. रेघेच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या मापांत किती फरक आहे, हे फळ्यावर लिहावे.

नंतर तीन निराळे गट करावेत: जीभ नळीसारखी वळवता येते की नाही, कानाची पाळी सुटी की चिकटलेली, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफल्यावर कोणता अंगठा वर येतो. प्रत्येक वेळी गट बदलतात. तिन्ही बाबतींत एकाच बाजूला राहिलेले किती, ते मोजावे. (जीभ वळवणे एकाच जनुकावर अवलंबून असते असे जुन्या पुस्तकांत असते, ते बरोबर नाही.)

नाक, डोके किंवा कातडीचा रंग मात्र वर्गात मोजू नये. त्यावरून ऐकून घेतलेली मुले बहुतेक प्रत्येक वर्गात असतात आणि मोजपट्टी त्यांच्याकडे आली की बाकीचे कोणाकडे पाहतात हे आपल्याला माहीत आहे. डोक्याचा निर्देशांक काढायची हौस असेल तर शिक्षकांनी एकमेकांची डोकी मोजावीत, एकाच डोक्याची मापे तिघांनी निरनिराळी घ्यावीत आणि आलेले तिन्ही आकडे मुलांना द्यावेत.